किलोच्या भावाने गेम्स

"किती तासांचा आहे रे?"

मी कुठल्याही गेमचं नाव काढलं की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच येतो. गेम कशाबद्दल आहे, त्यात करायचं काय असतं, तुला का आवडला, हे सगळं नंतर. आणि उत्तर 'दोन-तीन तास' असं आलं की समोरचा अशा नजरेने बघतो जणू मी अख्ख्या शर्टाचे पैसे घेऊन त्याला एकच बाही शिवून दिलीय. "फक्त दोन तास? मग सेलमध्ये बघू." विषय संपला. पुढे क्रिकेट नाहीतर अप्रेझल.

मंडळी, हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. इतका की आज शनिवारची सकाळ त्यावर खर्ची घालायची ठरवलीय. माझं म्हणणं सरळ आहे. गेम तासांवर मोजणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. आणि तो करणारे आपण चांगले शिकलेसवरलेले, महिन्याच्या महिन्याला बरा पगार घेणारे लोक आहोत, म्हणून जास्त राग येतो. बरं, यात फक्त आपल्या अभिरुचीचं वाटोळं झालं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण यात काही लोकांच्या पोटावर पाय येतो. त्यावर येतोच पुढे.

आधी हिशोब समजून घेऊ. गेमची किंमत भागिले खेळायला लागणारे तास. प्रतितास दर जितका कमी तितका गेम भारी. कोणता गेम किती तासांत संपतो याची जंत्री देणाऱ्या साइट्स आहेत. स्टीमवर तर प्रत्येक अभिप्रायाबरोबर तो लिहिणारा किती तास खेळलाय हे छापलेलंच असतं. माझ्या ओळखीतला एक महाभाग याची चक्क एक्सेल शीट ठेवतो, कंडिशनल फॉरमॅटिंगसकट. दर ताशी दहा रुपयांच्या वर गेला की रकाना लाल!

ठीक आहे. मग या शीटप्रमाणे जगातला सर्वोत्तम गेम कोणता ठरेल ते मी सांगतो. त्याचं नाव डेझर्ट बस. १९९५ साली पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगार जोडीसाठी बनवलेल्या एका गेम-संचातला हा एक नमुना. संच तेव्हा बाजारात आलाच नाही. गेम्समधल्या हिंसेवरून अमेरिकेत गदारोळ चालला होता, त्याची टिंगल म्हणून हा पूर्ण अहिंसक गेम. तुम्ही टूसॉनहून लास व्हेगासला बस न्यायची. रस्ता सरळसोट. वाहतूक नाही, वळण नाही, बसमध्ये कोणी बोलणारं नाही. वेगमर्यादा ताशी ४५ मैल. प्रवास आठ तासांचा, आणि हे आठ तास म्हणजे तुमच्या घड्याळातले आठ तास. बटण दाबून, त्याला चिकटपट्टी लावून झोपावं म्हटलं तर तेही नाही, कारण बस हळूहळू उजवीकडे ओढ खाते. रस्ता सोडलात तर टोचन करून परत टूसॉनला, तेवढाच वेळ लावून. सुखरूप पोचलात तर एक गुण मिळतो. एक! मग परतीचा प्रवास सुरू. हवा तितका वेळ चालवा. प्रतितास दर शून्याकडे झुकणार. एक्सेल शीट हिरवीगार.

(२००७ पासून काही उत्साही मंडळी दरवर्षी हा गेम दिवसच्या दिवस सलग खेळतात आणि त्यांचे हाल बघायला लोक देणगी देतात. ती इस्पितळातल्या मुलांच्या कामी येते. एवढा एक सदुपयोग.)

पुण्या-मुंबईत अधूनमधून किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात. तिथेसुद्धा आपण आधी पुस्तकाचं नाव बघतो, मग काट्यावर ठेवतो. नाव न बघता फक्त वजन बघणारा माणूस एकच, रद्दीवाला. त्याचा तो धंदाच आहे, त्याला दोष नाही. पुरुषोत्तम करंडकातली एकांकिका बघून बाहेर पडताना "बाकीचे दोन अंक कुठायत? पैसे परत द्या" असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. भरत नाट्य मंदिराच्या आवारात असं म्हणणाऱ्याचं पुढे काय होईल याची मला उत्सुकता आहे, पण प्रयोग मी करणार नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले तर या बाबतीत शहाणे असायला हवे होतो. १९८२ सालची गोष्ट आहे. ॲपलमध्ये लिसाच्या टीमला मॅनेजर मंडळींनी दर आठवड्याला एक फॉर्म भरायला लावला : किती ओळी कोड लिहिलात? बिल ॲटकिन्सनने त्या आठवड्यात क्विकड्रॉमधला एक भाग नव्याने लिहिला होता. कोड कितीतरी पट वेगाने पळू लागला होता आणि दोनेक हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर आकडा लिहिला : -२०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडून फॉर्म मागणं बंद झालं. ही गोष्ट आपल्यापैकी निम्म्यांनी एकमेकांना फॉरवर्ड केलेली असते. ओळी मोजणाऱ्या मॅनेजरला आपण खदाखदा हसतो. आणि शनिवारी दुपारी घरी कंट्रोलर हातात घेतला की आपणच तो मॅनेजर होतो!

मला वाटतं याचं मूळ आपल्या नोकरीत आहे. आपल्यातले बरेच जण तासावर विकले जातात. क्लायंटला बिल तासाचं, टाइमशीट तासाची, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मेल येणार ती "कृपया ४० तास भरा" अशी. काम काय केलंस हे कोणी विचारत नाही, भरलेस किती ते विचारतात. पाच दिवस हे केल्यावर सहाव्या दिवशी माणूस करमणुकीचीही टाइमशीट मागणारच.

अशा मापाने माणसाचं काय होतं हे बघायचं असेल तर त्यावरच एक गेम आहे. लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज', २०१३ सालचा. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक कम्युनिस्ट देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासनीस आहात, साल १९८२. दिवसभर लोक खिडकीशी येतात, तुम्ही कागद ताडून बघायचे आणि शिक्का मारायचा, प्रवेश किंवा नकार. इतकंच. बरोबर हातावेगळ्या केलेल्या दर माणसामागे पाच क्रेडिट. रात्री घरी हिशोब : भाडं, जेवण, शेगडी. पैसे कमी पडले तर घरातलं कोणीतरी थंडीने आजारी पडतं.

सुरुवातीच्याच दिवसांत एक माणूस येतो. कागद चोख. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नाही, आणि परत गेले तर मारतील म्हणते. सोडलंत तर तुमच्या नावावर चूक लागते. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ असतात, तिसऱ्यापासून पैसे कापतात. आणि इथे तो गेम तुम्हाला चिमटीत पकडतो. कारण तिच्याकडे बघताना तुमच्या डोक्यात दया वगैरे नंतर येते, आधी विचार येतो : आज माझ्या किती चुका झाल्यात? एक शिल्लक आहे का? तिला सोडलंत तरी ते शिल्लक बघून सोडलेलं असतं. रांग लांब, दिवस छोटा, माणशी पाच क्रेडिट. खिडकीशी येणाऱ्यांची तोंडं दिसेनाशी होतात, फक्त तारखा आणि शिक्के दिसतात. आकड्याने बांधलेला माणूस कसा वागतो यावर मी ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये शेकडो स्लाइड्स बघितल्यात. या एका बाईने जे समजावलं ते त्यातल्या एकीनेही नाही.

आणि हे कळायला अर्धा तास लागला. उरलेले तास त्यात पीळ घालतात, पण मूळ घाव पहिल्या अर्ध्या तासातला. आता हा तुमच्या शीटमध्ये कुठे बसवायचा?

अजून छोटं उदाहरण घेऊ. जेसन रोररचा 'पॅसेज', २००७. पाच मिनिटं. हो, पाच. चहा उकळायच्या आत संपतो. चित्र १०० बाय १६ पिक्सेलचं, म्हणजे आडवी पट्टीच. तुम्ही एक चिमुकला माणूस, डावीकडून उजवीकडे चालताय. थोड्या अंतरावर एक बाई उभी असते. तिला भेटलात तर ती सोबत येते, आणि मग सोबत चालल्याने गुण जास्त मिळतात. पण काही पेट्या अशा अरुंद जागेत असतात की दोघांना जाता येत नाही, एकट्याला गेलं असतं. चालता चालता केस पांढरे होतात. सुरुवातीला उजवीकडचं सगळं धूसर असतं, नंतर डावीकडे मागे पडलेलं धूसर होत जातं. मग एका क्षणी ती थांबते. तिच्या जागी थडगं. तुम्ही एकटे, चाल मंद. मग तुम्हीही.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली पहिल्यांदा संग्रहात गेम्स घेतले, एकूण १४. त्यात पॅकमॅन होता, टेट्रिस होता, आणि हा पाच मिनिटांचा पॅसेजही होता. म्युझियमने घेतला म्हणून तो थोर असं मी म्हणत नाही. म्युझियमवाले कायकाय घेतात ते आपल्याला माहीत आहे :-) पण हाच गेम पाच तासांचा केला तर काय होईल याचा विचार करा. कचरा होईल. तो पाच मिनिटांचा आहे म्हणूनच दुखतो.

आता कोणी म्हणेल, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटंच ना, आकडा तर आहेच. मला तोच आकडा मान्य नाही. २०१९ सालचा 'आऊटर वाइल्ड्स' घ्या. एका इटुकल्या सूर्यमालेत तुम्ही नवशिके अंतराळवीर. लाकडी पट्ट्या ठोकून बनवल्यासारखं यान. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीशेजारी डोळे उघडता. पुन्हा बावीस मिनिटं. या गेममध्ये बंदूक मिळत नाही, लेव्हल वाढत नाही, यानाला नवं इंजिन बसत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना सोबत येतं ते फक्त तुम्हाला समजलेलं. एका ग्रहावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जातेय, म्हणजे एकावरच्या गुहा बुजतायत आणि दुसऱ्यावरच्या उघड्या पडतायत, म्हणजे अमुक ठिकाणी लवकर पोचलं पाहिजे आणि तमुक ठिकाणी उशिरा. हे कोणी सांगत नाही. तुमची ट्यूब पेटावी लागते.

गंमत अशी की सगळं माहीत असलेला माणूस हा गेम एका फेरीत, बावीस मिनिटांच्या आत, शेवटापर्यंत नेऊ शकतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला पंधरा-वीस तास सहज लागतात. मग गेम किती तासांचा? जे आहे ते सगळं तसंच समोर आहे, फरक फक्त खेळणाऱ्याच्या डोक्यात. दुसरी गोष्ट, हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो. एकदा कळलं की कळलं, ते विसरायची सोय नाही. माझ्याकडे पैसे देऊन ते विसरायची सोय असती तर मी अगदी रद्दीच्या नाही, सोन्याच्या भावाने दिले असते.

फिनलंडच्या आर्वी तेइकारीचा 'बाबा इज यू' (हाही २०१९चाच) आपल्या लोकांना लगेच आवडावा असा आहे. गेमचे नियम म्हणजे पटावर पडलेले शब्दांचे ठोकळे. 'वॉल इज स्टॉप' असं लिहिलं असेल तर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून वाक्य मोडलं की भिंतीतून आरपार चालत जा. 'रॉक इज यू' जुळवलंत तर तुम्हीच दगड. दोनशेच्या वर कोडी आहेत. त्यातली निम्मी मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सोडवली, म्हणजे डोक्यात. घरी येऊन चार ठोकळे हलवायचे फक्त बाकी होते. स्टीमने त्याची नोंद दोन मिनिटं केली असेल. आता बोला.

आणि 'गेटिंग ओव्हर इट'! बेनेट फॉडी हा मूळचा तत्त्वज्ञानातला माणूस, २०१७ साली त्याने हा गेम काढला. कढईत, किंवा हंड्यात म्हणा, कमरेपर्यंत अडकलेला उघडाबंब माणूस हातातल्या हातोड्याने डोंगर चढतो. हात सटकला की खाली. कधी थोडा, कधी थेट पायथ्याशी. मधे कुठे चेकपॉइंट नाही. आणि तुम्ही पडलात की फॉडी स्वतःच्या मखमली आवाजात अपयशावर चार सुविचार ऐकवतो. सराईत लोक हा डोंगर दोन मिनिटांच्या आत चढतात. मला तीन महिने लागले आणि एक माऊस गेला. पण हा गेम वेळ खातो तो उघडउघड, तोंडावर सांगून. मला त्याचा राग येत नाही.

राग येतो तो दुसऱ्या प्रकारचा. आपण सगळे तास मागतो म्हटल्यावर मोठ्या कंपन्या तास पुरवणारच. जानेवारी २०२२ मध्ये 'डाइंग लाइट २' यायच्या आधी त्याच्या कंपनीने मोठ्या अभिमानाने जाहीर केलं की गेम पूर्णपणे संपवायला किमान ५०० तास लागतील. म्हणे वॉर्सॉहून माद्रिदला चालत जायला लागतो जवळजवळ तितका वेळ. त्यावर ओरड झाली तेव्हा खुलासा आला की तसं नव्हे हो, मुख्य कथा वीसेक तासांची आहे, ५०० तास म्हणजे कानाकोपरा धुंडाळणाऱ्यांसाठी. पण पहिली जाहिरात काय करावीशी वाटली ते बघा. कथा, पात्रं, शहर यांतलं काही नाही. तास!

त्याआधी २०१८ साली 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये तर पुढची पायरी आली होती. तिथे जादा पैसे देऊन अनुभवाचे गुण कायमचे वाढीव दराने मिळवायची सोय होती. म्हणजे आधी गेम लांबवायचा आणि मग तो आखूड करण्याचे वेगळे पैसे घ्यायचे. आपल्याकडे अनलिमिटेड थाळीवाले भात आधी वाढतात म्हणजे गोडाला जागा उरत नाही. पण "भात कमी वाढायचे वीस रुपये" असं अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही.

आता पोटावरच्या पायाबद्दल.

जून २०१५ पासून स्टीमवर नियम आहे की विकत घेऊन चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करा, पैसे परत. कारण विचारतात, पण परतावा त्यावर अडत नाही. नियम उत्तम आहे. गेम मशिनवर चाललाच नाही, जाहिरातीत एक आणि आत भलतंच निघालं, तर गिऱ्हाईकाने का म्हणून भुर्दंड सोसावा? मी स्वतः दोनतीनदा या नियमाचा फायदा घेतलाय आणि पुन्हाही घेईन. पण दीड तासाचा गेम बनवणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय? गिऱ्हाईक तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळू शकतं आणि पैसे परत मागू शकतं.

आणि मागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये 'समर ऑफ '५८' या छोट्या भयकथेच्या गेमच्या निर्मात्याने, जो एमिका गेम्स या नावाने काम करत होता, बेमुदत काळासाठी गेम बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं. कारण? गेमला अभिप्राय चांगले येत होते, पण तो दोन तासांच्या आत संपत असल्याने परत करणारे ढिगाने होते. पुढचा गेम करण्यापुरते पैसेच हातात उरत नव्हते.

नीट वाचा पुन्हा. अभिप्राय चांगले होते. स्टीमवर गेम परत केलेल्या माणसालाही अभिप्राय लिहिता येतो. म्हणजे ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचं, ढेकर द्यायची, "वा, काय चव आहे हो हाताला" म्हणायचं, आणि गल्ल्यावर जाऊन पैसे परत मागायचे, का तर जेवण पंधरा मिनिटांत संपलं. हॉटेलात असं करायची आपली छाती आहे का? तिथे गल्ल्यावर एक माणूस बसलेला असतो आणि त्याला डोळे असतात. इथे एक बटण असतं.

मग असा निर्माता काय करेल? एकतर सोडून देईल, नाहीतर पुढच्या वेळी दीड तासाच्या गोष्टीत अर्धा तास पाणी घालेल. किल्ली शोध, ती खालच्या मजल्यावर, दार वरच्या मजल्यावर, जा-ये कर. दोन तास पाच मिनिटं झाली की सुटलो. आपण मागितलेलं पाणी आपल्यालाच प्यायला मिळणार.

एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कॉलेजातला मुलगा, घरून मिळालेल्या पैशांतून वर्षाला एक गेम घेणार, त्याने तास बघितले तर मी एक शब्द बोलणार नाही. मीही इंजिनिअरिंगला असताना एकच गेम दोन वर्षं पुरवून खाल्लाय. त्याच्याकडे वेळ भरपूर, पैसे कमी. आपलं उलटं आहे हो! आपल्याकडे पैसे आहेत, वेळ नाही. आठवड्याला कसेबसे चार तास मिळतात, त्यात लाँड्री आणि आईबाबांचा फोन. अशा माणसाला साठ तासांचा गेम महाग आणि दोन तासांचा स्वस्त वाटायला हवा. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला तीनशे मोजताना प्रतिदाणा दर आपण काढत नाही. तिथे शीट कुठे जाते?

दुसरा आक्षेप : "हे काय गेम्स आहेत? चालायचं, शिक्के मारायचे, रडायचं." यावर मी वाद घालणार नाही. नाव काहीही द्या.

तिसरं एक ऐकायला मिळतं की छोटे गेम काढणारे आळशी असतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की एकदा एक स्क्रीन बनवून बघा. एक. पात्र डावीकडे चाललं पाहिजे आणि भिंतीला धडकून थांबलं पाहिजे. मग बोलू.

हे सगळं परदेशातल्या लोकांचं झालं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर घराजवळ या. 'राजी' हा गेम २०२० साली आला, तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते, जमले नाहीत. तरी रेटून गेम पूर्ण केला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी, दुर्गेने दिलेलं शस्त्र, राजस्थानी धाटणीचे महाल, कळसूत्री सावल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळालं. माझं मत विचाराल तर गेम दिसायला अप्रतिम, मारामाऱ्या मध्यानंतर तोचतोचपणाच्या, आणि शेवट धाडकन अंगावर येतो, एखादा प्रसंग छाटल्यासारखा. या तक्रारी मी छातीठोकपणे करीन. पण लोकांच्या तोंडून जास्त काय ऐकलं? "पाच तासांतच संपला." पाच तास! पुण्यातल्या मूठभर लोकांनी पदरमोड करून हे उभं केलं, आणि आपण काय मोजलं तर घड्याळ.

आणि 'वेण्बा'. हा टोरोंटोच्या विसाई गेम्सचा, जुलै २०२३ मध्ये आला. दीड तास. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, तिथेच जन्मलेला मुलगा कविन, आणि आईकडून आलेली, डाग पडलेली, शब्द पुसट झालेली पाककृतींची वही. खेळायचं म्हणजे स्वयंपाक करायचा. पहिलंच कोडं इडलीपात्राचं. थाळ्या एकावर एक कशा ठेवायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल आणि वरच्या इडल्या कच्च्या राहणार नाहीत? माझ्या आईला हा प्रश्न कोडं म्हणून विचारला तर ती मला वेड्यात काढेल. मला मात्र दोनदा चुकून मग जमलं. पुढे मुलाला तमिळ बोलायची लाज वाटू लागते, मग फोन कमी होतात, आणि मोठा झाल्यावर तोच मुलगा त्या वहीसमोर उभा राहतो तेव्हा ती त्याला धड वाचता येत नाही. २०२४ साली याला पदार्पणाच्या गेमचा बाफ्टा मिळाला.

वेण्बा खेळल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा आहे. असा गेम मराठीत कधी येईल? तो आला तर कोण बनवेल हे मला आत्ताच दिसतंय. दोघं-तिघं असतील, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार कोड लिहिणारे, एकाची बहीण चित्रं काढणारी, आवाज घरच्याच मंडळींचे. पुरणपोळीचा असेल, गिरणी बंद पडलेल्या घराचा असेल, एसटीच्या शेवटच्या गाडीचा असेल. आणि तो तासाभराचा असेल, फार तर दीड. कारण तेवढंच त्यांना शक्य असेल, आणि बहुधा तेवढंच त्या गोष्टीला लागत असेल. तेव्हा त्यांना गिऱ्हाईक म्हणून आपणच भेटणार आहोत, आपण आणि आपली एक्सेल शीट.

तूर्त वेण्बा घ्या. शनिवारी दुपारी जेवून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत संपतो. चहाबरोबर काहीतरी खायला मात्र आधीच करून ठेवा, मधे फार भूक लागते.